साहेबांचा दहावा

नाशिक, ८ डिसेंबर २०२४

सायली,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर त्याच्यापुढे एकच टिक येऊन बसते. म्हणून काल पोस्टात जाऊन पाकिटं आणली. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "परदेशात पाठवायचंय का?" म्हटलं, नाही हो, पुण्याला, लेकीला पत्र लिहायचंय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी लेक येरवड्यालाच आहे. मी पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्याची मुलगी, मला लिहिण्यापेक्षा बोलणं सोपं. पण बोलायची सोय तू ठेवली नाहीस, आणि तुझ्या बाबांनी त्यांचं बोलणं गेल्या वर्षी सही करून विकलं.

इथे थंडी चांगली पडलीय. गाडी रोज सकाळी येते. कंपनीने इथला प्लांट बंद करून वर्ष उलटलं तरी मॅनेजर म्हणून बाबांना मिळालेल्या पॅकेजमध्ये तीन वर्षं गाडी आणि ड्रायव्हर लिहिलेत, म्हणून तो बिचारा येतो, काचा पुसतो, वर येऊन विचारतो, "साहेब, कुठं जायचं?" बाबा म्हणतात, "आज काही नाही." मग तो खाली जाऊन बसतो आणि संध्याकाळी चावी देऊन घरी जातो. कधीकधी मीच भाजीला जाते त्या गाडीतून, कारण कुणीतरी तिच्यात बसायला हवं. खोटं कशाला सांगू, सुरुवातीला मला ते आवडलं होतं. मेथीच्या दोन जुड्या घेऊन मी एवढ्या मोठ्या गाडीचं दार उघडलं की भाजीवाली 'मॅडम' म्हणायची.

तुझी अट मला पाठ आहे. गणपतीत भांडून निघालीस तेव्हा दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा कोर्टात बोलले की मी त्यांच्याशी बोलेन. तोवर या घराशी नाही." तुझं बरोबर की चूक ते मी ठरवत नाही. मला एवढंच कळतं की माझ्याशी बोलणारी दोनच माणसं या घरात होती आणि दोन्ही आता गप्प आहेत.

परवा झुंबरभाऊ येऊन गेले. कामगारांनी त्यांना पुढारी केलंय, पण माणूस तोच आहे, दारातच चपला काढायला वाकणारा. मात्र या वेळी त्यांनी चपला काढल्या नाहीत. म्हणाले, "वहिनी, वीस तारखेला केसची तारीख हे. ऑर्डरी दीड वर्ष आधीपासून दुसरीकडच्या नव्या प्लांटला वळवल्या, ते साहेबांच्या समोर ठरलं. तोटा झाला म्हणून कंपनी बंद केली, हे खोटं हे. साहेबांनी येऊन तेवढं खरं सांगावं. दुसरं काय मागत नाय आम्ही."

बाबा आत पेपर वाचत होते. पेपरचं पान मात्र एकदाही उलटल्याचा आवाज आला नाही.

ते गेल्यावर मी विचारलं. म्हणाले, "मी सही केलीय. कंपनीविषयी कुठेही, कुणाशीही बोलायचं नाही. बोललो तर सगळं परत द्यावं लागेल." पॅकेजचा आकडा मी इथे लिहीत नाही, तुझ्या मावशीलाही सांगितलेला नाही. तो ऐकल्यावर मी आधी खाली बसले होते आणि मग उठून देवापुढे साखर ठेवली होती, एवढंच सांगते. त्याच आठवड्यात झुंबरभाऊंना नोकरीच्या एकेका वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळाला. तोही कायद्याने द्यावाच लागतो म्हणून.

आठवतं का, खंडेनवमीला मशीनला झेंडूचे हार घालायला तू बाबांच्या खांद्यावर बसून प्लांटमध्ये जायचीस. झुंबरभाऊंच्या भागीबाई तुला डब्यातला शिरा भरवायच्या आणि दर राखीला बाबांच्या हातावर राखी बांधून जायच्या. बाबांना बहीण नाही म्हणून. मला वाटतं ते जातील वीस तारखेला. कोट इस्त्रीला दिलाय त्यांनी.

— आई

नाशिक, ३० डिसेंबर २०२४

सायली,

काल रामकुंडावर तुझ्या बाबांचा दहावा झाला.

घाबरू नकोस. ते जिवंत आहेत, आत्ता माझ्यासमोर बसून पेरू खाताहेत. पण दहावा झाला हे खरं, आणि तुला ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहायला बसले.

वीस तारखेला बाबांनी कोट घातला, देवाला नमस्कार केला आणि गाडीत बसले. मी गॅलरीतून पाहिलं आणि तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. तासाभरात गाडी परत आली. कोर्टाजवळच्या सीबीएसच्या सिग्नलला ड्रायव्हरला म्हणाले होते, "वळव." वर आले, कोट काढून हँगरला लावला आणि म्हणाले, "साखर वाढल्यासारखं वाटतंय." साखर वाढली नव्हती. मी मोजून पाहिली.

कामगार दिवसभर कोर्टात वाट बघत बसले होते. संध्याकाळी त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं, चला, साहेब आजपासून मेले. त्या दिवसापासून त्यांनी दिवस धरले आणि काल रविवारी दहाव्याला सगळे गोदावरीवर जमले. हे सगळं मी फोनवरच्या व्हिडिओत पाहिलं. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला आणि लगेच काढला, पण तोवर सगळ्यांचं बघून झालं होतं.

बाबांचा फोटो, हार, उदबत्ती, सगळं होतं. आपल्याला मुलगा नाही, म्हणून झुंबरभाऊंनी मुंडण केलं. मिशीसुद्धा काढली. पिंड त्यांनीच ठेवला. बेत असा होता की कावळा काही लवकर येणार नाही, कारण रामकुंडावरचे कावळे कायम भरल्या पोटी असतात. तो आला नाही की सगळ्यांनी ओरडायचं, "साहेबांचा जीव कशात अडकला? पॅकेजमध्ये, पॅकेजमध्ये!" मग पिंडाला खेळातल्या नोटांची माळ दाखवायची. पेपरवाले बोलावले होते. माळ घेऊन एकजण तयारच उभा होता.

झुंबरभाऊ पिंड ठेवून मागे सरतात न सरतात तोच कावळा आला. सरळ पिंडावर उतरला आणि चोच मारली.

व्हिडिओत आधी हसण्याचे आवाज आहेत, शिट्ट्या आहेत. मग काहीच नाही. माळ घेतलेल्या माणसाचे हात वर उचललेले तसेच राहिले. मागे एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हात जोडले. त्याचं बघून आणखी दोघांनी. झुंबरभाऊ तिथेच उकिडवे बसले आणि मग खरोखर पाण्यात उतरून आंघोळ केली. चेष्टा करायला गेली होती गं ती माणसं. पण आपल्याकडे कुणाला खोटा दहावा करता येत नाही. एकदा भाताचा पिंड मळायला घेतला की आजवर जसे मळले तसाच तो नीट मळला जातो, आणि मंत्र म्हणणाराही एकही ओळ गाळत नाही.

मी फोन लपवणार होते, पण बाबांनी आधीच पाहिलं होतं. मला वाटलं, चिडतील. पोलिसांत जाऊ म्हणतील. त्यांनी एवढंच विचारलं, "लगेच शिवला ना?"

म्हटलं, "हो."

"म्हणजे माझी काही इच्छाच राहिली नाही." आणि मग म्हणाले, पेरूला जरा तिखट-मीठ लाव.

सायली, मला भीती वाटते. कशाची ते नीट सांगता येत नाही.

— आई

नाशिक, २५ जानेवारी २०२५

सायली,

तिळगूळ पाठवलाय. वड्या कडक झाल्यात, माझं लक्ष नव्हतं.

या वर्षी मला सोसायटीत हळदीकुंकवाला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या मजल्यावरची हर्षाली, नवीन लग्न झालेली, ती तेवढी आली. गुणी पोरगी आहे, म्हणून तर अडकली. दारात उभी राहून पदराशी खेळत होती. "काकू, सासूबाई म्हणाल्या, आधी विचारून घे."

"काय विचारून घे?"

"म्हणजे... काकांचं ते झालंय ना रामकुंडावर. तर तुम्हाला चालेल का, आणि बाकीच्यांना..."

मी हसले. म्हटलं, अगं, तुझे काका आत टीव्ही बघताहेत, हाक मारू का? तीही हसली. पण तिने पुढे "या" म्हटलं नाही आणि मीही येते म्हटलं नाही. संध्याकाळी कुणीतरी वाण दाराशी ठेवून गेलं. प्लास्टिकचा डबा, त्यात तिळगूळ आणि वर गुलाबाचं फूल. कुंकू लावायला मात्र कुणी थांबलं नाही. तीस वर्षांत दर संक्रांतीला मी शंभर बायकांच्या कपाळाला बोट लावलं असेल. दार लावून मी स्वयंपाकघरात बसले आणि खूप रडले. बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यांना ऐकू गेलं होतं, हे मला त्यावरूनच कळलं.

बाबांचं सांगते. ते आता स्वतःविषयी असं बोलतात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. परवा कारल्याची भाजी वाढली तर म्हणाले, "हो, मला आवडायची." सकाळचं फिरणं बंद केलंय, कारण गंगापूर रोडला पहिल्या वळणावरच प्लांटमधलं कुणीतरी भेटतं आणि राम राम न करता पुढे जातं. शिव्या देत नाहीत गं, नुसतं पुढे जातात. शिव्या चालल्या असत्या. मागे एकदा बोनसवरून कामगारांनी दगड मारले होते, तेव्हा बाबा घरी येऊन दोन पोळ्या जास्त जेवले होते.

तू मला विचारशील, तू त्यांच्यावर ओरडत का नाहीस? ओरडते. भिंतीवर ओरडल्यासारखं होतं. आपला संसार एरवी अगदी चांगला चाललाय बघ. मेडिक्लेम आहे, क्लबचं कार्ड आहे, फ्रीजमध्ये स्ट्रॉबेऱ्या आहेत. घरात फक्त माणूस नाही.

— आई

नाशिक, २३ फेब्रुवारी २०२५

सायली,

तुझी लंकाबाई आजी येऊन राहिलीय. दिंडोरीहून द्राक्षाचा एक क्रेट आणि सगळ्या गावाच्या बातम्या घेऊन आली. दहाव्याची गोष्ट तिला कुणी सांगायची म्हणून मी गप्प होते, तर ती गाडीतून उतरली तीच म्हणाली, "पोराचा दहावा झाला आन मला म्हातारीला सांगावा बी नाय."

मी म्हटलं, आई, ते खोटं होतं.

"पिंड ठेवला का नाय? कावळा शिवला का नाय? मंग खोटं काय हाय त्यात?" आणि मग अगदी व्यवहाराचं बोलावं तसं म्हणाली, "मेलेलं माणूस असं घरात ठेवू नये बाई. त्याला परत जन्माला घालावं लागतंय."

तिने सांगितलेलं तुला लिहिते. ती नवी सून म्हणून आली त्या वर्षी लढाई झाली होती. त्यांच्या गावचा एक गडी देवळालीला तोफखान्यात होता. तो गेल्याची तार आली आणि गावाने दहावा-तेरावा सगळं केलं. दोन महिन्यांनी गडी एसटीतून उतरला, पायाला पट्टी बांधलेली. तार भलत्याचीच होती. पण त्याला कुणी घरात घेईना, बायकोसुद्धा ओट्यावरून आत गेली आणि दार लावून बसली. शेवटी गावातल्या जाणत्यांनी ठरवलं, याला नव्याने जन्माला घालायचं. न्हाऊ घातलं, पाळण्याला हात लावायला लावला, आत्याने कानात नाव सांगितलं आणि मग त्याच बायकोशी त्याचं परत लग्न लावलं. पुढे त्याला तीन मुलं झाली.

मी विचारलं, "म्हणजे यांचंही परत लग्न? कुणाशी?"

"तुझ्याशी, आन कुणाशी?" आजी म्हणाली. मग थांबून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "करशील का?"

सायली, माझं पहिलं लग्न माझ्या बापाने आणि तुझ्या दिंडोरीच्या आजोबांनी पिंपळगावच्या मार्केटात कांद्याच्या ढिगाशेजारी चहा पिता पिता ठरवलं. मला रात्री सांगितलं, आणि तेही आईने. तेव्हापासून आजीने मला आमटीत मीठ किती घालू हेसुद्धा कधी विचारलेलं नाही. आणि आता विचारते, करशील का. मी म्हटलं, ते बोलले तर करीन. कोर्टात जाऊन सगळं सांगितलं तर. नाहीतर नाही.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बाबा दारात उभे होते, त्यांच्यासमोरच मी हे म्हटलं. आजीला वाटलं आता भांडण होणार. पण बाबा खुर्चीत बसले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा तो मीटिंगमधला आवाज निघाला.

"मार्चअखेर शेवटचा हप्ता येतोय. तो येऊ दे. मग बोलतो."

"म्हणजे?"

"आलेले पैसे कंपनीने परत मागितले तर भांडता तरी येतं. न आलेल्या पैशासाठी कसं भांडणार? आत्ता बोललो तर तो हप्ताही गेला. महिन्याभराचा तर प्रश्न आहे. कोर्टाच्या तारखा काय, वर्षानुवर्षं पडत असतात." आणि मग हळूच म्हणाले, "तो हप्ता सायलीच्या नावावर ठेवायचाय."

आजी म्हणाली, शहाणा हाय माझा सोमनाथ. तुझं नाव आलं की मला काही बोलता येत नाही, आणि त्यांना ते माहीत आहे.

आजीने आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस धरलाय. साडेतीन मुहूर्तांतला एक, भटजीला विचारायची गरज नाही. एप्रिलच्या शेवटी येतेय. तेवढ्यात त्यांचं बोलून होईल. आत्या म्हणून भागीबाईंना बोलवायचं म्हणते. राखी बांधलेली बहीण ती बहीणच. त्या नाही आल्या तर? असं मी विचारलं, तेव्हा आजी म्हणाली, आत्या नसली तर लेकीनं नाव सांगितलं तरी चालतंय.

तारीख तीस एप्रिल आहे, बुधवार. तुला सुट्टी काढता येईल का ते बघ.

— आई

नाशिक, २ एप्रिल २०२५

सायली,

बाबा बोलले.

तुला हे दोनच शब्द लिहून पाकीट बंद करणार होते. तू आली असतीस कदाचित. पण पुढचं तुला इथे येऊन कळलं असतं, आणि मग तू मलाही सोडलं असतंस.

हप्ता अठ्ठावीस तारखेला जमा झाला. पाडव्याला बाबांनी स्वतः गुढी उभारली, गाठी बांधली, दोन वेळा जेवले. म्हणाले, परवा जातो. काल सकाळी तोच कोट घातला. बॅगेत जुन्या डायऱ्या भरल्या. मी म्हटलं, मीही येते. सीबीएसच्या सिग्नलला मी त्यांचा हात धरून बसले होते. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि गाडी सरळ नेली.

आधी वकिलांना भेटू म्हणून सिडकोतल्या युनियनच्या खोलीवर गेलो. खोलीत झुंबरभाऊ एकटेच होते आणि भिंतीवरचे बॅनर काढून घड्या घालत होते. त्यांचे केस पुन्हा आलेत, पण सगळे पांढरे.

बाबा म्हणाले, "झुंबर, मी बोलायला आलोय."

"कोणाशी, साहेब?"

"कोर्टात. सगळं सांगतो. कुठल्या मीटिंगमध्ये काय ठरलं, कोण काय म्हणालं, सगळं."

झुंबरभाऊ बॅनरची घडी घालत राहिले. "केस मागं घेतली साहेब, मागच्या गुरुवारी. कंपनीनं वरून थोडे थोडे दिले आन मिटवलं. दोघं दवाखान्यात हेत, चौघांच्या घरात पोरींची लग्नं. किती थांबायचं माणसानं?"

"अरे, मला एक फोन करायचास."

झुंबरभाऊंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ते अगदी साधेपणाने म्हणाले, "दहावा झाल्यावर फोन करतात का, साहेब?"

बाबा तरीही बोलायला लागले. उभ्यानेच. पहिली मीटिंग कुठे झाली, ऑर्डरींची कागदं कोणी बदलली, त्यांना स्वतःला काय देऊ केलं. झुंबरभाऊंनी दोन्ही हात पुढे केले, एखाद्याला पडताना धरावं तसे. "नका साहेब. आमच्यापण कागदात तेच लिवलंय, कंपनीबद्दल काय बोलायचं नाय, काय ऐकायचं नाय. माझीपण सही झालीय. चहा घेता का?"

आम्ही चहा घेतला. नाही कसं म्हणायचं.

परत येताना बाबांनी गाडीत सगळं मला सांगितलं. त्र्यंबक नाक्यापासून ते आपल्या गेटपर्यंत आणि मग गेटात गाडी उभी करून. ड्रायव्हर कंपनीचा माणूस, पुढे बसून ऐकत होता, त्याचीही त्यांना पर्वा राहिली नव्हती. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. पण मी हं हं म्हणत राहिले, कारण आता ते ऐकायला दुसरं कुणी नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसं झालं. फरक एवढाच की झोपा बांधायचं सामान त्यांच्याकडे सव्वा वर्ष पडून होतं आणि ते त्याच्यावर बसून होते.

तुझी अट होती कोर्टात बोलण्याची. कोर्ट आता नाही. घरात बोललेलं, खोलीत बोललेलं, गाडीत बोललेलं तू धरशील का, हे मला माहीत नाही. मी धरणार आहे. आखाजीला हिरवी साडी नेसायची ठरवलीय. उशिरा बोलला म्हणून माणसाला मेलेलंच ठेवायचं, असं मला करता येणार नाही.

तू ये. आजपर्यंतच्या पत्रांत असं सरळ लिहिलं नव्हतं. आता लिहिते. ये.

— आई

नाशिक, १ मे २०२५

सायली,

काल दुपारपर्यंत मी दिंडोरीला आजीच्या दारात उभी राहून फाट्यावरून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाकडे बघत होते. तू आली नाहीस. तुझ्यासाठी पाट मांडला होता, तो आजीने नंतर स्वतःच उचलून ठेवला.

भागीबाई आल्या. आजी स्वतः सिडकोत जाऊन बोलावून आली होती आणि ऐंशीच्या म्हातारीला दारातून परत पाठवणं त्यांना जमलं नाही. झुंबरभाऊही आले, दिंडोरीपर्यंत एसटीने. अंगणात मांडव घातला होता. आजीने शेजारून पाळणा मागून आणला होता, निळ्या रंगाचा, त्यावर बदकं काढलेली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसापुढे तो ठेवला तेव्हा पोरं खिदळली आणि त्यांच्या आयांनी त्यांना चापट्या मारल्या. पण बाबा शहाण्या मुलासारखे बसले होते. न्हाऊन, पांढरं धोतर गुंडाळून, केस ओले. मी समोर हार घेऊन उभी होते. मला लाज वाटत होती, पहिल्या वेळेपेक्षा जास्त. आणि खरं सांगू, मला आनंद झाला होता.

बाबांनी पाळण्याला हात लावला. भागीबाई त्यांच्या कानाशी वाकल्या आणि आजीला विचारलं, "नाव काय ठेवू?"

"सोमनाथच. दुसरं काय ठेवायचं?"

भागीबाईंनी कानात कुर्रर्र केलं आणि नाव घ्यायच्या आतच बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा भागीबाई," ते म्हणाले. "नाव नको."

आजी म्हणाली, "अरे सोमनाथ..."

"आई, मी परत आलो तर परत तेच करीन." हे त्यांनी मोठ्याने म्हटलं नाही, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेलं. "मला माहीत आहे. परत हप्त्याची वाट बघेन. कावळा लगेच शिवला ते बरंच झालं. आता राहू दे."

भागीबाईंचं मनगट सोडून त्यांनी त्यांना नमस्कार केला. मग उठून ओल्या केसांनी तसेच रस्त्यावर गेले आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसले. ड्रायव्हरने उतरून त्यांच्यासाठी दार उघडलं. त्याला तीच सवय.

मी हार घेऊन उभीच होते. झुंबरभाऊ पुढे आले आणि माझ्या हातातून तो काढून घेतला. कुठे ठेवावा ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो पाळण्यात ठेवला. मग आजी म्हणाली, "पानं वाढा." पुरणपोळी आणि आमरस केला होता, वाया कसा घालवायचा? सगळे जेवले. खाली मान घालून, कुणी कुणाला आग्रह न करता. तेराव्याला जेवतात तसे. मी एक ताट झाकून गाडीत नेऊन दिलं. बाबा जेवले आणि ताट धुऊन आणायला ड्रायव्हरला सांगितलं.

आज कामगार दिनाची सुट्टी आहे, तरी ड्रायव्हर आलाय. त्याला कुणी सुट्टी सांगितलेली नाही. कालच्या टपालात कंपनीकडून मेडिक्लेमची नवी कार्डं आली. एक त्यांचं, एक माझं, सोबत दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. कंपनीच्या कागदावर ते अजून दीड वर्ष तरी जिवंत आहेत. दुसऱ्या कुणाच्याच नाहीत, त्यांच्या स्वतःच्यासुद्धा नाहीत.

मी सकाळी आरशापुढे कुंकवाची डबी घेऊन उभी राहते. आजीने मला विचारलं होतं, करशील का, आणि मी हो म्हटलं होतं. मग काल त्यांनी नाही म्हटलं. मी आता कोण, हे मला सांगणारं कुणी उरलं नाही. कुंकू लावते. तीस वर्षांचा हात आहे, आपोआप लागतं. हिरवी साडी घडी करून तुझ्या कपाटात ठेवलीय, माझ्या कपाटात ती मला बघवत नाही.

बाबा गॅलरीत बसलेत. समोरच्या तारेवर कावळा आहे. ते त्याच्याकडे बघत नाहीत आणि तोही त्यांच्याकडे बघत नाही.

आत्ता लिहिता लिहिता ड्रायव्हर वर आला. बाबा काही बोलले नाहीत, म्हणून त्याने मला विचारलं, "बाई, कुठं जायचं?"

मी म्हटलं, पुण्याला, सायलीकडे. तो खूश झाला, इतक्या महिन्यांत त्याला कुणी एवढ्या लांब ने म्हटलं नव्हतं. जिन्यात दोन पायऱ्या उतरलासुद्धा. मग मला तुझं दार आठवलं, आणि ते तू उघडलं नाहीस तर मी परतीचा रस्ता कसा कापीन ते कळेना. मी त्याला हाक मारली.

म्हटलं, "राहू दे. आज काही नाही."

— आई